श्रद्धा, सदस्य आणि पक्षनेतेपद : वाचकांचे प्रश्न

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये पक्षनेता निवडताना उमेदवाराच्या धर्मश्रद्धेचं नेमकं काय होतं, या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न यावेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांत स्कॉटलंडमधल्या सत्ताधारी पक्षाची 2023 ची नेतेपदाची निवडणूक होती, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

केट फोर्ब्स केवळ त्यांच्या धर्मश्रद्धेमुळे हरल्या, असं सगळीकडे वाचायला मिळतं. हे खरं आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

अर्धंच खरं. या निवडणुकीबद्दल हिरिरीने बोलणारे बरेच जण आकड्यांपर्यंत जात नाहीत, म्हणून आधी आकडे.

निकोला स्टर्जन यांनी 15 फेब्रुवारी 2023 ला स्कॉटिश नॅशनल पार्टीचं, म्हणजे एसएनपीचं, नेतेपद सोडत असल्याचं जाहीर केलं. उमेदवारीसाठी किमान 20 शाखांमधल्या मिळून 100 सदस्यांचा पाठिंबा लागत होता आणि त्याची मुदत 24 फेब्रुवारीच्या दुपारी संपत होती. पक्षसदस्यांचं मतदान 13 ते 27 मार्च. रिंगणात तिघं राहिले: आरोग्यमंत्री हम्झा युसुफ, बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या अर्थमंत्री केट फोर्ब्स आणि कागदोपत्री लिंग बदलणं सोपं करणाऱ्या लिंगनोंदणीच्या विधेयकावरून काही महिन्यांपूर्वी मंत्रिपद सोडलेल्या अ‍ॅश रीगन.

फोर्ब्स फ्री चर्च या स्कॉटलंडमधल्या कर्मठ ख्रिस्ती पंथाच्या. त्यांनी 20 फेब्रुवारीला उमेदवारी जाहीर केली. त्याच दिवशीच्या मुलाखतींत त्यांना विचारलं गेलं, की 2014 मध्ये तुम्ही स्कॉटिश संसदेत असता तर समलिंगी विवाहाच्या विधेयकावर मत कसं दिलं असतं? विरोधात दिलं असतं, असं त्यांनी सरळ सांगितलं. आता तो कायदा झाला आहे, तो हक्क मी काढून घेणार नाही, हेही सांगितलं. पण पहिलं वाक्य गावभर झालं आणि दुसरं मागे राहिलं. पाठोपाठ लग्नाशिवाय मूल होण्याबद्दल विचारणा झाली. माझ्या श्रद्धेनुसार माझ्यासाठी ते चूक ठरेल, असं उत्तर आलं. ज्या मंत्र्यांनी आणि आमदारांनी पाठिंबा जाहीर केला होता, त्यांच्यातल्या काहींनी एका दिवसात तो काढून घेतला. उमेदवारी अर्जाची मुदत संपायलाही अजून तीन दिवस होते. प्रचार संपला, असं तेव्हा अनेकांनी लिहून टाकलं.

आता निकाल पाहा. पहिल्या पसंतीची मतं युसुफ यांना 24,336, फोर्ब्स यांना 20,559 आणि रीगन यांना 5,599. कुणालाच निम्म्याहून जास्त नाहीत, म्हणून रीगन बाद झाल्या आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजली गेली. त्यातून युसुफ यांना 1,696 मिळाली, फोर्ब्स यांना 3,331. उरलेल्या 572 जणांनी दुसरी पसंती दिलीच नव्हती. शेवट 26,032 विरुद्ध 23,890. फरक 2,142 मतांचा.

म्हणजे पहिल्याच दिवशी ‘संपलेल्या’ उमेदवाराने 48 टक्के गाठले. श्रद्धेने त्यांचं नुकसान केलं, पण ते प्रामुख्याने वरच्या फळीत. सहकारी मंत्री, आमदार, पाठिंब्याची यादी, पहिल्या आठवड्यातली हवा, हे सगळं हातचं गेलं. सामान्य सदस्यांत पडझड बरीच कमी झाली. उलट 7 मार्चच्या टीव्ही चर्चेत त्यांनी युसुफ यांच्या परिवहन, न्याय आणि आरोग्य या तिन्ही खात्यांतल्या कारभाराचे वाभाडे काढले, तेव्हा अनेक निष्ठावंत सदस्य बिथरले. सोळा वर्षं सत्तेवर असलेल्या पक्षात आपल्याच सरकारचं अपयश मोजून दाखवणं हे पापाच्या चर्चेपेक्षा कमी महागात पडलं असेल, असं आम्हाला वाटत नाही. दोन हजारांचा फरक असताना सगळं खापर एकाच कारणावर फोडता येत नाही.

पण 2014 मध्ये त्या संसदेतच नव्हत्या. मग ‘कसं मत दिलं असतं’ हा प्रश्न मुळातच खोडसाळ नाही का? (पुणे)

प्रश्न काल्पनिक होता, खोडसाळ नव्हता. ते मतदान 4 फेब्रुवारी 2014 ला झालं, 105 विरुद्ध 18 असं. त्यात पक्षादेश नव्हता. ज्याने त्याने आपल्या सदसद्विवेकाला स्मरून मत द्यायचं होतं. फोर्ब्स 2016 मध्ये निवडून आल्या. त्यामुळे त्यांच्या नावावर त्या विषयातलं एकही मत नोंदलेलं नव्हतं, आणि नेमकी तीच पोकळी पत्रकार भरून काढत होते. ज्याचं मत नोंदलेलं असतं, त्याला ‘काय मानता’ हे विचारावं लागत नाही. नोंदवही उघडली की झालं.

भर पडली ती लिंगनोंदणी विधेयकाची. स्कॉटिश संसदेने ते 22 डिसेंबर 2022 ला 86 विरुद्ध 39 मतांनी मंजूर केलं आणि 17 जानेवारीला लंडनच्या सरकारने ते अडवलं. फोर्ब्स तेव्हा रजेवर होत्या, म्हणजे इथेही मत नाही. महिनाभर आधी पेटलेला विषय, उमेदवाराची पाटी कोरी, आणि मतदानाला तीन आठवडे. अशा वेळी श्रद्धेचा प्रश्न येणार नाही, असं समजून मुलाखतीला बसणं ही तयारीतली चूक. फोर्ब्स यांना तर अशा घाईची सवय होती. फेब्रुवारी 2020 मध्ये अर्थमंत्र्यांनी अचानक राजीनामा दिल्यावर काही तासांच्या तयारीवर त्यांनी राज्याचा अर्थसंकल्प मांडला होता, वयाच्या 29 व्या वर्षी. अर्थसंकल्पाचं टिपण दुसरं कुणी तरी लिहून देतं. या प्रश्नाचं मात्र स्वतःच तयार ठेवावं लागतं.

‘हा माझा खासगी मामला आहे’ असं म्हणून विषय बंद का करत नाहीत हे लोक? (नाशिक)

करून पाहिलं आहे. त्याचा धडा टिम फॅरन यांच्या रूपाने समोर आहे.

फॅरन इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच अंतिम प्रमाण मानणारे, ख्रिस्ती. 16 जुलै 2015 ला नॉर्मन लँब यांना 56.5 टक्के मतं घेऊन हरवलं आणि ब्रिटनमधल्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते झाले. पक्षाकडे तेव्हा खासदार उरले होते फक्त 8. निवड होताच चॅनल 4 च्या बातमीदाराने विचारलं: समलिंगी संबंध हे पाप आहे असं तुम्ही मानता का? एकदा नाही, पुन्हा पुन्हा. उत्तर आलं, की आपण सगळेच पापी आहोत.

इथे जरा थांबायला हवं, कारण मराठी वाचकाला हे उत्तर पळवाट वाटतं. आपल्याकडे ‘पाप’ म्हणजे एखाद्याने केलेलं एखादं कृत्य; ते त्याच्या खात्यावर चढतं, प्रायश्चित्ताने उतरतं. फॅरन ज्या परंपरेतले आहेत तिथे पाप ही माणसाची जन्मजात अवस्था आहे, सांगणाऱ्याचीसुद्धा. त्या भाषेत ‘सगळेच पापी’ हे प्रामाणिक उत्तर आहे. टीव्हीच्या भाषेत ते ‘हो’ असतं, फक्त घाबरत घाबरत दिलेलं. एकाच शब्दावर दोन भाषा बोलल्या जात होत्या, आणि मतं मागायची होती ती टीव्हीच्या भाषेत.

गंमत म्हणजे फॅरन यांची नोंद बघितली तर 2013 च्या समलिंगी विवाह विधेयकाच्या दुसऱ्या वाचनाला त्यांनी बाजूने मत दिलं होतं. तिसऱ्या वाचनाला मतदान केलं नाही. म्हणजे सांगण्यासारखं काही तरी होतं. त्याऐवजी दोन वर्षं प्रश्न लोंबकळत राहिला. 18 एप्रिल 2017 ला मुदतपूर्व निवडणूक जाहीर झाली आणि पहिल्याच आठवड्यात तो परत आला. शेवटी 25 एप्रिलला, ‘मी ते पाप मानत नाही’ असं म्हणून त्यांनी सुटका करून घेतली. त्या निवडणुकीत पक्षाला 12 जागा मिळाल्या. 14 जूनला त्यांनी नेतेपद सोडलं. प्रागतिक पक्षाचं नेतृत्व करणं आणि बायबलच्या शिकवणीशी निष्ठा राखणं मला अशक्य झालं, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. पुढे 2018 मध्ये, एप्रिलमध्ये जे बोललो त्याची खंत वाटते, हेही त्यांनी सांगून टाकलं.

फोर्ब्स यांच्या मागे हे उदाहरण होतं. टाळलं तर दोन वर्षं रक्त जातं, म्हणून त्यांनी एकदाच कापून घेतलं. आमच्या मते त्यांचा निर्णय बरोबर, पण क्रम चुकला. ‘कायदा बदलणार नाही’ हे वाक्य आधी आणि ‘विरोधात मत दिलं असतं’ हे नंतर यायला हवं होतं. बातमीचा मथळा पहिल्या वाक्यातून निघतो.

युसुफही श्रद्धाळू मुस्लिम आहेत. मग त्यांना हाच त्रास का झाला नाही? हा दुटप्पीपणा नाही का? (अकोला)

त्रास झाला, पण वेगळ्या ठिकाणी. युसुफ यांनी पहिल्यापासून एकच वाक्य धरून ठेवलं: मी कायदा करताना श्रद्धेचा आधार घेत नाही, समलिंगी विवाहाला माझा पाठिंबा आहे. 2013 च्या पहिल्या टप्प्यावर त्यांचं बाजूने दिलेलं मत नोंदलेलं होतं. मात्र फेब्रुवारी 2014 च्या अंतिम मतदानाला ते हजर नव्हते. पाकिस्तानात ईशनिंदेच्या आरोपाखाली फाशीची शिक्षा झालेल्या एका स्कॉटिश माणसाच्या प्रकरणी पाकिस्तानच्या वाणिज्यदूतांशी भेट होती, असं त्यांचं म्हणणं. ते विधेयक ज्यांनी संसदेत नेलं त्या अ‍ॅलेक्स नील यांनी प्रचारात जाहीरपणे सांगितलं, की ही भेट मतदान टाळण्यासाठीच ठरवली होती. युसुफ यांनी ते नाकारलं.

हा आरोप फोर्ब्स यांच्यावरच्या टीकेपेक्षा गंभीर होता, असं म्हणायला जागा आहे, कारण तो प्रत्यक्ष वागण्याबद्दल होता. तरी तो फार चिकटला नाही. सदस्यांना उमेदवाराचं अंतरंग तपासायचं नव्हतं, तर पुढे हा माणूस कसं मत देईल याचा अंदाज हवा होता. युसुफ यांचं उत्तर तो अंदाज देत होतं. शिवाय पक्षयंत्रणा आणि बहुतेक आमदार त्यांच्या बाजूला होते. पाठिंबा काढून घेणारं कुणी नव्हतं. दुटप्पीपणा अजिबात नव्हता असं आम्ही म्हणणार नाही. फोर्ब्स यांना जे खोदून विचारलं, तितकं युसुफ यांना विचारलं गेलं नाही.

निवड झाल्यावरची प्रतिक्रिया मात्र वेगळीच होती. 28 मार्चला संसदेने त्यांची फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे मुख्यमंत्री, म्हणून निवड केली. रमजान सुरू होता. त्या संध्याकाळी एडिंबरातल्या ब्यूट हाउस या अधिकृत निवासस्थानी रोजा सोडून कुटुंबासह नमाज पढतानाचं छायाचित्र त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केलं. त्याआधीही, 2016 मध्ये, त्यांनी किल्ट घालून संसदेची शपथ उर्दूतही घेतली होती. पोशाख, भाषा, सण यांतून दिसणारी श्रद्धा स्कॉटलंडच्या बहुसंख्य मतदारांना अडचणीची वाटली नाही. अडचण होते ती लग्न, गर्भपात, लिंग या कायद्यांपाशी. 2022 च्या जनगणनेत तिथल्या 51.1 टक्के लोकांनी ‘कोणताच धर्म नाही’ असं नोंदवलं. 2011 मध्ये हे प्रमाण 36.7 टक्के होतं. अशा समाजाला दुसऱ्याचा धर्म हा बराचसा दुसऱ्याच्या जेवणासारखा वाटतो. तुम्ही खा; आमच्या ताटात वाढू नका.

ऋषी सुनक हिंदू असल्यामुळे लिझ ट्रस यांच्याकडून हरले, असं माझे लंडनमधले नातेवाईक सांगतात. (ठाणे)

निव्वळ धर्मामुळे हरले, असं आकड्यांवरून सिद्ध करता येत नाही. अजिबात फरक पडला नाही, असंही नाही. जे दिसतं ते एवढं: जुलै 2022 मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह (हुजूर) पक्षाच्या नेतेपदासाठी खासदारांच्या शेवटच्या फेरीत सुनक 137 मतांनी पहिले होते, ट्रस 113 वर. मग दोघांची नावं सदस्यांकडे गेली आणि तिथे ट्रस 81,326, सुनक 60,399. बोरिस जॉन्सन पडले ते सुनक यांच्या राजीनाम्याने, हा राग सदस्यांत होता. आणि ट्रस कर कमी करायला निघाल्या होत्या, सुनक थांबा म्हणत होते. प्रचार रंगात असताना ऑगस्टमध्ये सुनक जन्माष्टमीला वॉटफर्डजवळच्या भक्तिवेदांत मॅनर मंदिरात जाऊन आले. लपवाछपवी नव्हती.

ऑक्टोबरात ट्रस गेल्या. या वेळी उमेदवारीला 100 खासदारांचा पाठिंबा हवा अशी अट ठेवली गेली. पेनी मॉर्डंट यांनी माघार घेतली आणि 24 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, सुनक बिनविरोध निवडून आले. सदस्यांना मत द्यायची वेळच आली नाही. तोच माणूस, तोच धर्म, सात आठवड्यांत दोन वेगळे निकाल. बदललं काय, तर मतदार कोण हे. पुढे 6 मे 2023 ला राज्याभिषेकात याच हिंदू पंतप्रधानांनी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत बायबलमधला उतारा वाचला, आणि त्यावर फार गदारोळ झाला नाही.

ब्रिटनमध्ये पंतप्रधानाला धर्माची कायदेशीर अट आहे का? (कराड)

नाही. अट आहे ती राजाला: 1701 च्या कायद्याप्रमाणे कॅथलिक व्यक्ती सिंहासनावर बसू शकत नाही. कॅथलिकाशी लग्न करण्यावरची बंदी 2015 पासून उठली.

पंतप्रधानाबाबत एक जुना खिळा मात्र शिल्लक आहे. 1829 च्या कायद्यानुसार कॅथलिक व्यक्तीला चर्च ऑफ इंग्लंडमधल्या नेमणुकांबाबत राजाला सल्ला देता येत नाही. ज्यूंसाठी तसंच कलम 1858 मध्ये आलं. हिंदू किंवा मुस्लिमांसाठी असं कलम नाही, कारण तेव्हा कुणाच्या ते स्वप्नातही आलं नव्हतं. जॉन्सन यांनी 2021 मध्ये वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमध्ये कॅथलिक पद्धतीने लग्न केलं, तेव्हा या कलमावर पुन्हा बोललं गेलं. टोनी ब्लेअर यांनी कॅथलिक होण्यासाठी पंतप्रधानपद सोडेपर्यंत वाट पाहिली आणि पद सोडल्यावर, डिसेंबर 2007 मध्ये, ते कॅथलिक झाले; यामागे कायद्यापेक्षा राजकीय शहाणपण जास्त असावं. ‘आम्ही देवाबिवाच्या भानगडीत पडत नाही’ ही त्यांच्या कार्यालयाची ठरलेली भूमिका होती.

शपथेचं म्हणाल तर खासदार आपापल्या ग्रंथावर शपथ घेऊ शकतो. सुनक यांनी गीतेवर घेतली. किंवा देवाचं नाव न घेता प्रतिज्ञा करता येते. हा दुसरा मार्ग 1888 मध्ये मोकळा झाला तो नास्तिक खासदार चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्या आठ वर्षांच्या भांडणामुळे. हेच ब्रॅडलॉ पुढच्याच वर्षी मुंबईला काँग्रेसच्या अधिवेशनाला आले होते.

लिओ वराडकर आमच्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. कॅथलिक आयर्लंडमध्ये समलिंगी माणूस पक्षनेता कसा झाला? तिथे धर्म आडवा आला नाही? (मालवण)

फार नाही. वराडकर यांचे वडील मुंबईहून गेलेले हिंदू डॉक्टर, आई आयरिश कॅथलिक. मुलं कॅथलिक म्हणून वाढली. वराडकर यांनी 18 जानेवारी 2015 ला, आपल्या वाढदिवशी, रेडिओवरच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. चार महिन्यांनी, 22 मे ला, समलिंगी विवाहाच्या सार्वमताला 62 टक्के लोकांनी होकार दिला. नेतेपदाची निवडणूक झाली जून 2017 मध्ये. तोवर प्रश्न निकालात निघालेला होता, आणि तो पक्षाने नव्हे, जनतेने निकालात काढला होता.

मालवणकरांना खरी गंमत वाटेल ती मोजणीची. वराडकर यांच्या फिनगेल पक्षात मतांना वजन होतं: खासदार आणि सिनेटर 65 टक्के, सदस्य 25, नगरसेवक 10. सदस्यांमध्ये सायमन कोव्हनी यांना 7,051 मतं आणि वराडकर यांना 3,772. म्हणजे साध्या सदस्यांनी वराडकर यांना चक्क हरवलं. पण 73 खासदार-सिनेटरांपैकी 51 वराडकर यांच्याकडे होते. 51 भागिले 73, गुणिले 65: साधारण 45 गुण इथेच आले. सदस्यांकडून जेमतेम 9, नगरसेवकांकडून (123 विरुद्ध 100) साडेपाच. बेरीज 60. हीच निवडणूक एसएनपीच्या नियमाने झाली असती तर कोव्हनी जिंकले असते, आणि मग लोकांनी त्याची कारणं कुठे शोधली असती, याचा विचार करून बघा. सदस्यांचा कल कोव्हनींकडे का होता, तर मुख्यतः पक्षबांधणी आणि ग्रामीण भाग यांवरून. पण निकाल तसा लागता तर ‘कॅथलिक आयर्लंड अजून तयार नाही’ असे मथळे छापून आले असते.

वराडकर यांनी पंतप्रधानपद स्वीकारलं तो दिवस 14 जून 2017. आयरिश समुद्रापलीकडे फॅरन यांनी राजीनामा दिला तो हाच दिवस.

मी एडिंबरात राहते, एका पक्षाची सदस्य आहे आणि नेतेपदाच्या उमेदवारांशी शाखेची प्रश्नोत्तरं होणार आहेत. श्रद्धेबद्दल विचारावं का, आणि कसं?

विचारा, पण ‘तुम्ही काय मानता’ असं विचारू नका. त्याचं उत्तर एक तर प्रवचन असतं, नाही तर पळवाट. शाखेच्या बैठकीत एका प्रश्नाला दोन-तीन मिनिटं मिळतात. त्यात अधिकारातल्या गोष्टी विचाराव्यात.

सगळ्यात उपयोगी प्रश्न पक्षादेशाचा: गर्भपात किंवा इच्छामरणाचं विधेयक आलं तर आमदारांना मोकळं सोडाल की आदेश काढाल? इच्छामरणाचा विषय संसदेपुढे परत परत येतो, त्यामुळे हा प्रश्न काल्पनिक म्हणून झटकता येत नाही. त्याला जोडून विचारा: आदेश तुमच्या स्वतःच्या मताविरुद्ध काढायची वेळ आली तर? मंत्रिमंडळाचा निर्णय पटला नाही तर राजीनामा द्याल, गैरहजर राहाल, की मत देऊन मोकळे व्हाल? ‘गैरहजर राहीन’ म्हणणाऱ्याकडे जरा निरखून बघा. फॅरन आणि युसुफ दोघांचीही कटकट गैरहजेरीतूनच उभी राहिली. मंत्री चुकवू शकतो. नेत्याची खुर्ची रिकामी दिसते.

दुसरं, तोच प्रश्न त्याच शब्दांत सगळ्या उमेदवारांना विचारायला अध्यक्षांना सांगा. चर्चला जाणाऱ्याला एक आणि कुठेच न जाणाऱ्याला दुसरा, असं झालं की सभा उमेदवाराच्या बाजूने झुकते. फोर्ब्स यांना सदस्यांची सहानुभूती मिळाली त्यात याचा वाटा होता. प्रश्न लेखी आधी दिले तर उत्तम.

मत देताना दुसरी पसंती मोकळी सोडू नका. तुमचा आवडता उमेदवार बाद झाला तर त्या मतपत्रिकेची पुढची मोजणी तिथेच थांबते. 2023 मधल्या त्या 572 पत्रिका आठवा. त्याने निकाल फिरला नसता, पण ही गोष्ट मतदान करताना कुणालाच माहीत नसते.

2024 मध्ये युसुफ गेले तेव्हा फोर्ब्स पुन्हा का उभ्या राहिल्या नाहीत? (सोलापूर)

युसुफ यांनी एप्रिल 2024 मध्ये ग्रीन पक्षाबरोबरचा करार तोडला आणि बहुमत गेलं. त्यांचं जाणं हे आकड्यांचं गणित होतं, श्रद्धेशी संबंध नाही. जॉन स्विनी उभे राहताच फोर्ब्स यांनी त्यांना पाठिंबा दिला, स्विनी बिनविरोध नेते झाले आणि दोन दिवसांत फोर्ब्स उपमुख्यमंत्री. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये, 2026 ची निवडणूक लढवणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. स्विनी स्वतः चर्चला जाणारे आहेत, चर्च ऑफ स्कॉटलंडचे. त्याबद्दल त्यांना फारसं कुणी विचारत नाही. 2014 मध्ये त्यांचं मत बाजूने पडलं होतं.

फोर्ब्स यांचं ‘फ्री चर्च’ आणि आमचं हिस्लॉप कॉलेज यांचा काही संबंध आहे का? (नागपूर)

आहे, पण मधे एक मोठी फाळणी आहे. स्कॉटलंडमध्ये गावचा पाळक नेमण्याचा हक्क जमीनदाराकडे असे. त्याविरुद्ध 18 मे 1843 ला चर्च ऑफ स्कॉटलंडच्या एडिंबरातल्या धर्मसभेतून शंभराहून जास्त पाळक उठून बाहेर पडले, घर आणि पगार दोन्हींवर पाणी सोडून. एकूण साडेचारशेच्या वर पाळकांनी पद सोडलं. ते झालं फ्री चर्च. मुंबईत विल्सन कॉलेजचे संस्थापक जॉन विल्सन त्यांच्याबरोबर गेले. स्टीफन हिस्लॉप नागपूरला आले ते याच चर्चचे मिशनरी म्हणून. त्यांच्या नावाचं कॉलेज 1883 चं.

पुढे 1900 मध्ये बहुसंख्य फ्री चर्च दुसऱ्या एका पंथात विलीन झालं. डोंगराळ भाग आणि पश्चिमेची बेटं इथले मूठभर लोक मात्र हटून बसले. मालमत्ता कुणाची, हा खटला हाउस ऑफ लॉर्ड्स या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1904 मध्ये निकाल मूठभरांच्या बाजूने लागला: मूळ तत्त्व सोडलं नाही ते खरे वारस. सांभाळायला माणसं नाहीत आणि इमारतींचा डोंगर, अशी अवस्था. अखेर पुढच्या वर्षी संसदेने कायदा करून वाटणी केली. विलीन झालेली शाखा 1929 मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये परतली. फोर्ब्स ज्या चर्चमध्ये जातात ते हटून बसलेल्यांचं. रविवार पाळण्याबाबत हा भाग किती कडक होता, याची कल्पना यायला एवढं पुरे: लुइस बेटावरच्या स्टोर्नोवे बंदरातून रविवारची नियमित बोट सुरू झाली ती 19 जुलै 2009 ला. चर्चमध्ये वाद्यं आणि स्तोत्रसंहितेबाहेरची गीतं यांना परवानगी मिळाली 2010 मध्ये, तीही थोड्याशा बहुमताने.

फोर्ब्स यांच्या लहानपणाची काही वर्षं भारतात गेली. आईवडील मिशनच्या कामासाठी इथे होते.